मुलीचा पाय वाचवणाऱ्या डॉक्टरांना आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीच्या घोट्याजवळच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) असल्याचे निदान झाले, तेव्हा पाय गुडघ्याखाली कापावाच लागणार, असे आम्ही धरून चाललो होतो. आपण कोणतेही आश्वासन देण्याआधी एमआरआयच्या फिल्म समोर धरून, गाठ कुठवर पोहोचली आहे आणि पावलाकडे जाणारी रक्तवाहिनी व मज्जातंतू तिच्यापासून कशा सुटलेल्या आहेत, हे आम्हाला दाखवले. गाठ भोवतालच्या निरोगी भागासह पूर्ण निघत असेल तरच पाय वाचवायचा, आधी जीव, हे आपण स्पष्ट सांगितले. घोट्याजवळ कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसते, त्यामुळे जखम चिघळण्याचा धोका मोठा असतो. उलट कृत्रिम पायावर माणूस चांगला चालू शकतो, हेही आपण लपवले नाही. दोन्ही वाटा इतक्या प्रामाणिकपणे समोर ठेवल्याबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे.

बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याची, सुई कुठून घालायची हेसुद्धा आपणच ठरवले, कारण सुईची ती वाट पुढे गाठीबरोबर काढून टाकावी लागते आणि जागा चुकली तर पाय वाचवणे अवघड होऊन बसते. रुग्णाच्या घरच्यांना हे सहसा ठाऊक नसते, म्हणून येथे मुद्दाम लिहितो आहे.

केमोथेरपीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर आपण नडगीचा खालचा भाग गाठीसह काढला आणि त्याच पायातले शेजारचे बारीक हाड, त्याचा रक्तपुरवठा न तोडता, मधोमध आणून वर नडगीशी व खाली घोट्याच्या हाडाशी प्लेट आणि स्क्रूंनी जोडले. त्यानंतर पावलाला रक्त नीट पोहोचते ना, हे बघायला रोज संध्याकाळी आपण तिच्या पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडत होतात आणि गुलाबी रंग किती लवकर परततो, ते पाहत होतात. जखमेची एक कड काळवंडली तेव्हा प्लास्टिक सर्जनना लगेच बोलावून घेतलेत. जखम भरल्याशिवाय पुढची केमो सुरू करता येत नाही आणि ती लांबणे धोक्याचे असते, याची आपल्याला आमच्याहून अधिक काळजी होती.

ते हाड जिवंत असल्यामुळे भार पडू लागल्यावर हळूहळू जाड होईल, असे आपण म्हणाला होतात, आणि एकामागून एक एक्स-रेमध्ये ते आम्ही पाहिले. घोटा आता वाकत नाही, धावण्या-उड्या मारण्याला मनाई आहे, जिना उतरताना ती पाऊल थोडे आडवे टाकते. पण कुबडीशिवाय, स्वतःच्या पायावर चालते.

हा आजार फुफ्फुसांत पसरू शकतो, म्हणून फुफ्फुसांच्या तपासण्या अजून काही वर्षे चालू राहतील आणि त्यांसाठी आम्ही आपल्याकडेच येऊ. तिच्या फिल्म आणि नोंदी दुसऱ्या कोणा रुग्णाला समजावून सांगताना उपयोगी पडत असतील, तर त्या अवश्य दाखवाव्यात. तिची आणि आमची त्याला पूर्ण संमती आहे.

आपला कृतज्ञ,
एका मुलीचा वडील