भांडता येईल असं पुस्तक निवड

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. 'ड्यून', 'गेम ऑफ थ्रोन्स', 'फाउंडेशन', 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आणि शेवटी घाईघाईने जोडलेलं 'हॉबिट'. नऊ जणांचा वाचन-क्लब, त्यातले निम्मे आजवर चरित्रं आणि प्रवासवर्णनं वाचणारे, आणि पुढचे सहा महिने सायन्स फिक्शन-फँटसीचे. निवड तुझ्याकडे. यादी चांगलीच आहे, पण ती तुझी आहे, क्लबाची नाही.

तुला ही पुस्तकं तोंडपाठ, म्हणूनच हे काम तुझ्या गळ्यात पडलं असणार. पण आवडतं पुस्तक चारचौघांत ठेवलं की आपण त्याचे वकील होऊन बसतो. कोणी "मला नाही बाई झेपलं" म्हटलं की तुझं नाक लाल होणार, मी काय तुला आज ओळखते? लाडकी पुस्तकं कपाटात राहू देत. क्लबासाठी एवढंच बघ, की वाचून झाल्यावर लोक एकमेकांशी भांडतील का?

आमच्या कट्ट्याचंच सांगते. सगळ्यांना आवडलेलं पुस्तक आम्ही पंधरा मिनिटांत निकालात काढतो. "भाषा काय सुंदर आहे!" "हो ना!" की लगेच पोह्यांच्या बशा बाहेर. उलट जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' घेतली तेव्हा कोणी घरी जायला तयार होईना. जमिनीत खोलवर सापडलेली एक पेटी, तिच्यातल्या माहितीवरून घडवलेला यंत्रमानव आणि त्याला लागलेली स्वतःसारखे आणखी घडवण्याची ओढ, एवढीच गोष्ट. त्यातली माणसं जरा कोरडी आहेत, हे मी तिथेही म्हटलं. पण शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, "त्याला पोरं हवीत, यात त्याचं काय चुकलं?" त्यावर बँकेत आयुष्य काढलेल्या दुसऱ्या ताडकन म्हणाल्या, "अहो, तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हातात, त्याला वंश वाढवू द्यायचा?" पुढे मला तोंड उघडायलाही मिळालं नाही. रोबो आतून कसा चालतो याची कोणालाच पडलेली नव्हती. त्याच्याशी वागायचं कसं, यावर मात्र प्रत्येकीला मत होतं.

आता तुझी यादी. 'ड्यून'ची जन्मकथा मला आवडते. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका प्रकाशकाने ते १९६५ साली काढलं. पण जाडजूड ग्रंथ, मागे शब्दकोश जोडलेला, त्यात २०२१ आणि २०२४चे सिनेमे सगळ्यांनी पाहिलेले. निम्मे पुस्तकावर बोलतील, निम्मे सिनेमावर, आणि पुस्तक न उघडता आलेला कोण हे कळणारही नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' घेऊच नकोस. १९९६मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची वाट बघणं अजून चालूच आहे. अशा पुस्तकात ज्यांना गोडी लागते ते पुढे पळतात, बाकीचे पहिल्या भागातच बसकण मारतात, आणि चर्चेत पळालेले बसलेल्यांना "पुढे कळेल" म्हणत राहतात.

'फाउंडेशन'चा मोह मला कळतो. गर्दीचं भविष्य गणिताने मांडता येतं, ही कल्पना निवडणुकांच्या दिवसांत चवीने चघळता येईल. पण १९५१चं ते पुस्तक बरंचसं मासिकात आलेल्या गोष्टी जोडून झालेलं. माणसं येतात, बोलतात, वर्षं उलटतात, नवी माणसं येतात. बायका तर भिंग घेऊन शोधाव्या लागतात. तुमच्या क्लबात मुलीच जास्त, म्हणजे पहिला तास त्यावरच जाणार. 'हॉबिट' गोड आहे, पण गोडावर भांडण होत नाही.

माझं ऐकशील तर सुरुवात ऑक्टेव्हिया बटलरच्या 'किंड्रेड'ने कर. १९७९चं पुस्तक, बेताच्या आकाराचं, एकटंच उभं राहणारं. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय लेखिका अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. मळेवाल्याच्या रूफस नावाच्या मुलाच्या जिवावर बेतलं की ही तिथे खेचली जाते, आणि स्वतःच्या जिवावर बेतलं की परत येते. यंत्र नाही, स्फोट नाही, कसं घडतं याचा खुलासा नाही. "सायन्स फिक्शन आपल्याला कळत नाही बुवा" म्हणणाऱ्याला तक्रारीला जागाच राहत नाही. शेवटच्या फेरीत तिचा हात गेला, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय, त्यामुळे शेवट फोडला म्हणून रुसवेफुगवेही नाहीत.

खरी मेख पुढे आहे. हा रूफस डेनाचा पूर्वज. त्याला ॲलिस नावाच्या कृष्णवर्णीय बाईपासून मूल झालं तरच डेनाचा वंश चालणार. ॲलिसला तो नको आहे. आणि रूफस डेनालाच सांगतो, तू तिची समजूत घाल, नाहीतर मी जबरदस्ती करणार आहेच. तिथे पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात गेले आणि नसलेली भांडी घासायला लागले. डेनाने काय करायला हवं होतं? जगण्यासाठी माणूस किती वाकतो, आणि वाकलेल्याला नावं ठेवायचा हक्क कोणाला? तुझ्या क्लबात यावर दोन तट पडले नाहीत तर मला फोन कर. डेनाचा नवरा गोरा आहे, तोही एकदा तिच्याबरोबर त्या काळात जाऊन अडकतो. एकच काळ दोघांना किती वेगळा लागतो, यावर लग्न झालेली मंडळी आपसूक बोलायला लागतील. मात्र पुस्तकात चाबकाचे फटके आहेत, बलात्कार आहे. हे सगळ्यांना आधी सांग. न सांगता असं पुस्तक हातात देणं बरं नव्हे.

एवढं जड झाल्यावर हसायला हवंच. त्यासाठी टेरी प्रॅचेटचं 'स्मॉल गॉड्स' (१९९२). त्याच्या डिस्कवर्ल्ड या मालिकेची एक्केचाळीस पुस्तकं आहेत म्हणून घाबरवू नकोस कोणाला, हे सुटं वाचता येतं. ओम नावाचा महान देव थाटामाटात अवतार घ्यायला जातो आणि कासव होऊन पडतो, कारण लाखो भक्तांमध्ये खरोखर विश्वास ठेवणारा एकच उरलाय, ब्रूथा नावाचा साधा मठातला पोरगा. बाकीच्यांचा विश्वास मठावर, नियमांवर आणि छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांवर. आपल्याकडे मोठ्या देवळाच्या दर्शनरांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. क्लबात कोणी भाविक असेल तर त्यालाच आधी बोलायला सांग. टर देवापेक्षा कारभाराचीच जास्त उडवली आहे, हे सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात येईल.

तिसऱ्या महिन्यात 'थ्री-बॉडी' चालेल, तुझ्या यादीतलं हेच मी ठेवलंय. मालिकेतलं आहे खरं, पण पहिल्या भागात वाद घालायला पुरेसं आहे. माओच्या चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीतल्या एका सभेत मुलीच्या डोळ्यांदेखत प्राध्यापक बापाला मारतात, तिथून सुरुवात. चिनी पुस्तकात हा भाग मध्ये होता, केन लिऊने केलेल्या २०१४च्या इंग्रजी अनुवादात तो पहिल्या पानावर आला, आणि लेखक लिऊ त्सिशिनचीही मूळ इच्छा तीच होती. तुमच्या चरित्रवाल्यांना इतिहास म्हणून आत ओढून घेईल. मध्ये भौतिकशास्त्राचा चिखल लागतो, तिथे "पाय उचलून चाला" असं सांगून ठेव. परग्रहावरून "उत्तर देऊ नका" असा इशारा मिळूनही तीच मुलगी मोठेपणी उत्तर पाठवते, त्यावरची चर्चा चिखल तुडवण्याइतकी मोलाची आहे.

मार्चमध्ये तुमच्या सीए मैत्रिणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या महिन्यात रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' घ्या. कादंबरी नाही, एका बैठकीत संपणारी कथा. १९०५ साली मद्रासच्या इंग्रजी मासिकात आली. पुरुष पडद्याआड, बायका राज्य चालवतात आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. बंगालमधल्या एका बाईने तेव्हा हे लिहिलंय, हे कळल्यावर लोक आधी थक्क होतील, मग विचारतील की पुरुषांना कोंडणं हा न्याय कसा. तेवढं पुरे.

उरलेल्या दोन महिन्यांसाठी सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' आणि इशिगुरोचं 'नेव्हर लेट मी गो'. पहिल्यात पुतळ्यांनी भरलेलं न संपणारं घर आणि त्यात भरती-ओहोटी. ड्रॅगनच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्यालाही ते आवडेल. दुसऱ्याबद्दल एक अक्षर सांगू नकोस, मागच्या पानावरचा मजकूरही वाचू नका म्हण. ती मुलं पळून का जात नाहीत, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि त्यानंतर रिक्षा शोधायला रात्र होईल. अर्सुला ले ग्विनचं 'लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' मुद्दाम ठेवलं नाही. मला स्वतःला यातल्या सगळ्यांपेक्षा ते जवळचं. पण बर्फावरचा प्रवास सुरू होईपर्यंत नवख्याचा धीर टिकत नाही. दुसऱ्या वर्षी घे.

हे सगळं त्यांच्या गळी उतरवायचं कसं? नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. तूही तसंच कर. दोन-तीन पुस्तकांची पहिली दोन पानं नाव, लेखक, मुखपृष्ठ काही न दाखवता ग्रुपवर टाक आणि विचार, पुढे काय झालं हे कोणत्या गोष्टीचं जाणून घ्यायचंय? हा प्रकारच न आवडणारी माणसं बहुतेक वेळा मुखपृष्ठावरचं यान आणि तलवारी बघून बिचकलेली असतात. आणि आपल्याकडे तर अद्भुत म्हटलं की चांदोबा, नाहीतर नारायण धारपांची भुतं. तुझे बाबा धारप अजूनही रात्री एकटे वाचत नाहीत, पण हे तिथे सांगू नकोस.

चर्चेला "आवडलं का?" असं सुरू करू नकोस. आवडलं म्हणणारे गप्प बसतात आणि न आवडलेले ओशाळतात. सरळ एका पात्राचा निर्णय धर आणि विचार, "तू असतास तर?" ज्याचं पुस्तक अर्धंच झालंय त्यालाही बोलू दे, त्याने कुठे आणि का सोडलं हे ऐकण्यासारखं असतं. पुस्तकं नवीच घ्यायला हवीत असं नाही. तुमच्या बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर जुनी मिळतात, आणि तुमच्यातले दोघे गाडी चालवताना ऐकणारे आहेत, त्यांना ऐकायची आवृत्ती आहे का ते आधी बघून ठेव.

बाबा बरे आहेत. गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, पण फिरायला जातात. दिवाळीला येताना तुझं ते 'हॉबिट' घेऊन ये, त्यांना परत वाचायचंय.

तुझी,
आई

ता. क. कोणीतरी 'फ्रँकेन्स्टाइन' सुचवेलच, फुकट मिळतं म्हणून. जरूर घ्या. मेरी शेली अठरा वर्षांची असताना तिने ते लिहायला घेतलं, हे कळलं की तुमच्यातल्या लिहू पाहणाऱ्यांचा जळफळाट होईल. पण १८१८ची आवृत्ती वेगळी आणि १८३१ची वेगळी. दुसरीत तिने बरेच बदल केले, नायकाशी जिचं लग्न ठरलेलं असतं ती एलिझाबेथ कोणाची मुलगी, इथपासून. सगळ्यांनी एकच आवृत्ती घ्या, नाहीतर तासभर दोन वेगळ्या पुस्तकांवर भांडत बसाल. मी असते तर १८१८ची घेतली असती.