तेलाचा दर छापताना तेलाची जात सांगावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात कच्च्या तेलाच्या दराची बातमी वारंवार येते. मात्र तो दर नेमक्या कोणत्या तेलाचा, हे तीत बहुधा नसते. त्यामुळे कच्चे तेल जगभर एकसारखे असते आणि ते म्हणजे न गाळलेले पेट्रोल, असा समज पक्का होतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना हाच समज वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांतून खोडत आल्याने हे पत्र लिहीत आहे.

कच्चे तेल हे एक संयुग नसून असंख्य संयुगांचे मिश्रण आहे. वजनाने त्यात साधारण ८३ ते ८७ टक्के कार्बन आणि १० ते १४ टक्के हायड्रोजन असतो. पण त्यांची जुळणी कुठे सरळ साखळीत, कुठे फांद्या फुटलेल्या साखळीत, तर कुठे कड्यांत झालेली असते, आणि साखळी जितकी लांब तितका उत्कलनबिंदू वर जातो. शुद्धीकरण कारखान्यात तेल साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात, ते याच गुणधर्माच्या भरवशावर. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्युटेन माथ्याकडून निघतात, त्याखाली क्रमाने नाफ्था, रॉकेल व डिझेल मिळते आणि तळाच्या जड भागातून अखेर रस्त्याचे डांबर हाती येते. (कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांच्या नावातले डांबर मात्र दगडी कोळशाचे.) नाफ्थ्यावर पुढील प्रक्रिया करून पेट्रोल बनते, आणि त्याच नाफ्थ्यापासून प्लॅस्टिकसाठी लागणारे इथिलीनही.

या घटकांचे प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्रात निराळे असते. 'सागर सम्राट' या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेने १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात शोधलेले आणि आमच्या उरणला वाहिनीतून येणारे मुंबई हायचे तेल हलके व कमी गंधकाचे आहे. पश्चिम आशियातील कित्येक तेलांत मात्र गंधक दोन टक्क्यांहून अधिक असते. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून पेट्रोल व डिझेलमध्ये दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त गंधक चालत नाही. तेव्हा ते हायड्रोजनच्या साहाय्याने काढावे लागते. जड तेलातील लांब साखळ्या उत्प्रेरक वापरून तोडाव्या लागतात, आणि त्यातील निकेल व व्हॅनेडियम तो उत्प्रेरकच निकामी करतात. या खर्चामुळे असे तेल सहसा स्वस्त विकले जाते.

बातमीतला 'ब्रेंट' हा उत्तर समुद्रातील हलक्या, कमी गंधकाच्या तेलाचा दर असतो. आपण ८० टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, आणि त्यासाठी ओमान-दुबई व ब्रेंट या तेलांच्या दरांवरून काढलेला 'इंडियन बास्केट'चा दर उपलब्ध असतो. दराच्या चौकटीत तेलाचे नाव आणि हा दर अशी एक ओळ आपण नियमितपणे द्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, उरण (जि. रायगड)