विषयाला धरून

पुणे, १४ मे

प्रिय विज्या,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून टेबलावर आहे. रोज दिसतं, रोज उद्यावर ढकलतो. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी आहे. साखर होती तिथेच आहे, गोळ्या चालू. सुमन ठीक.

फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे सलग सांगायचं आहे. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढंच ना? जेवायला चला." तिचंही बरोबर आहे. बाहेरून बघितलं तर एवढंच आहे.

गेल्या शनिवारी मी 'तो' झालो.

तो म्हणजे कोण, तुला सांगायला नको. १९८२. सोनेरी काड्यांचा चष्मा, समोर झाकलेला पाण्याचा पेला. विषय 'विद्यापीठे आणि लोकशाही', आणि तू मागच्या रांगेतून उठून विचारलंस की मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात होऊन चार वर्षं झाली, मग अडलंय कुठे? गावागावात दलितांची घरं जळाली त्याचं काय? त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "विषयाला धरून बोला. बसा." आणि तू बसलास. आपण दोघं लकडी पुलावरून चालत निघालो तेव्हा तू गप्प होतास, माझाच आवाज चढला होता. डेक्कनला पोचेपर्यंत मी त्याचं सात पिढ्यांचं श्राद्ध घातलं होतं. मग तू एकदम थांबून म्हणालास, "बाबासाहेबांना रानड्यांच्या जयंतीला बोलावलं आणि ते गांधी-जिनांवर बोलले. हा गोखले हॉलमध्ये अध्यक्ष असता तर त्यांनाही बसा म्हणाला असता." पुढे ते भाषण बेचाळीसचं की त्रेचाळीसचं यावर आपण वसतिगृहाच्या फाटकापर्यंत भांडलो. माझं गणित सरळ होतं, रानड्यांचा जन्म १८४२चा, म्हणजे शताब्दी १९४२ला. निघालं १८ जानेवारी १९४३, एकशे एकावी जयंती. तो चहा मी अजून पाजलेला नाही असं तू दर भेटीत म्हणतोस. पाजलेला आहे. दोनदा.

तर आमच्या इथली व्याख्यानमाला. रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिची आमची ही लांबची, गरीब चुलतबहीण समज. पाच दिवस, सव्वाशे खुर्च्या, त्यातल्या पन्नास आमच्या वयाच्या माणसांनी सहाच्या आधीच रुमाल टाकून धरलेल्या. खर्च एक सहकारी बँक देते, म्हणून तिचे संचालक पहिल्या रांगेत आणि तिचं नाव वक्त्याच्या डोक्यावर, वक्त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. यंदा मला अध्यक्ष केलंय. दुसरं कुणी तयार नव्हतं.

शनिवारी विषय होता पुण्यातली दीडशे वर्षांची व्याख्यानपरंपरा. वक्ते वयस्क, अभ्यासू, गोड बोलणारे. रंगलं खूप. १८७५ला दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची मिरवणूक निघाली, रानडे आणि जोतीराव फुले दोघेही त्यात चालले, आणि सनातन्यांनी गाढव सजवून 'गर्दभानंदा'ची उलट मिरवणूक काढली, हे त्यांनी असं सांगितलं की सभागृह खदखदून हसलं. मग आगरकर, टिळक, गोखले. जोतीराव त्या मिरवणुकीनंतर भाषणात पुन्हा आले नाहीत. मला तेव्हा ते जाणवलंसुद्धा नाही, हे आधी लिहून ठेवतो.

शेवटी चिठ्ठ्या. तोंडी प्रश्न आम्ही बंद केलेत, कारण लोक प्रश्न विचारत नाहीत, दुसरं व्याख्यान देतात. चिठ्ठ्या माझ्याकडे येतात, मी निवडून वाचतो. सतरा आल्या. एकात ध्वनिक्षेपक खरखरतोय ही तक्रार, तिघांत वक्त्यांची स्तुती, एकात चारोळी, एकात 'बाहेर लावलेली स्कूटर काढावी'. आणि एक अभ्यासिकेच्या पावतीच्या पाठीवर. निळं जेल पेन, बारीक सरळ अक्षर, खाली नाव नाही. मजकूर पाठ झालाय: "१८७५ साली जोतीराव ज्या रानड्यांबरोबर मिरवणुकीत चालले, त्यांनीच बोलावलेल्या ग्रंथकार सभेला यायचं १८८५ साली जोतीरावांनी पत्र लिहून नाकारलं. मधल्या दहा वर्षांत काय झालं?"

विज्या, असा प्रश्न मी चाळीस वर्षांत ऐकला नाही. जोतीरावांचं ते नकाराचं, 'घालमोडे दादा'वालं पत्र तू मला वाचून दाखवलं होतंस, खोली नंबर अकरात, कंदिलावर, कारण लाइट गेलेली. व्याख्यानांच्या परंपरेवर बोलायचं तर त्या परंपरेत न आलेल्या माणसाबद्दल बोलायला नको? यापेक्षा विषयाला धरून काय असतं?

मी ती चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग पेल्याखाली सरकवली.

का, ते शोधतोय चार दिवस. वक्ते थकले होते, खरं. बँकेचे संचालक समोर होते, खरं. पण कुणी मला डोळा घातला नव्हता, कुणी आधी बजावलं नव्हतं. चिटणीसांना तर चिठ्ठीत काय आहे ते माहीतही नव्हतं. कुणी दटावलं असतं तर मी कदाचित हट्टाने वाचली असती. तेवढी खुमखुमी अजून आहे. पण कुणीच काही म्हणालं नाही आणि माझ्याच डोक्यात, माझ्याच आवाजात वाक्य आलं: हे विषयाला धरून नाही. शब्द न् शब्द तेच, रे. चष्मासुद्धा पुसला मी. नंतर लक्षात आलं.

आता तू म्हणशील, तू पहिल्यापासून असाच. प्रतिकूल बाजूवाला. आठवतंय ना, 'विद्यार्थ्यांनी राजकारणात भाग घ्यावा', तू अनुकूल, मी प्रतिकूल. घसा कोरडा करून मी राजकारणाचे तोटे सांगितले आणि खाली उतरून तुझ्याबरोबर मोर्चाला गेलो. मी पहिला आलो, तू उत्तेजनार्थ. तुला मनापासून वाटायचं तेच तू बोलायचास, म्हणून तुझी दुसरी घंटा व्हायची तरी तू संपवायचा नाहीस. मला चार मिनिटं आणि एक विनोद पुरायचा. तेव्हा हे कसब वाटायचं.

अजून संपलं नाही. आभारप्रदर्शन झाल्यावर बाहेर चहापाशी एक मुलगी आली. पाठीला सॅक, कुठल्यातरी क्लासचं छापील पुस्तक छातीशी. "सर, माझी चिठ्ठी वर आली होती का?" मी म्हणालो, "वेळ संपली हो, बेटा." ती लगेच म्हणाली, "हो सर, आभार लांबलेच." सबबसुद्धा तिनेच पुरवली! मग मीच विचारलं, कुठली तू? "जिंतूरची." एमपीएससीची तयारी करते, नव्या पेठेत चौघी मिळून राहतात, संध्याकाळी अभ्यासिकेत पंखा बंद पडला की व्याख्यानाला येऊन बसते. तुझ्या जिंतूरची, विज्या. तुझं नाव सांगावंसं वाटलं आणि जीभ उचलली नाही.

काल त्या अभ्यासिकेत गेलो होतो. पत्ता पावतीवरच आहे. अरुंद जिना, पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना चपला, शंभर तरी जोड. वरच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "कोणाला भेटायचं? नाव?" नाव मी विचारलंच नव्हतं. आत ओळीने प्लायवुडच्या खोक्यांत माना खाली. मी 'काही नाही' म्हणून उतरलो. उतरताना कुणाचीतरी चप्पल पायाने खाली गेली, ती परत जोडीला लावायला मला दोन मिनिटं लागली, कारण सगळ्या एकसारख्याच.

आता परवा समारोप आहे. वक्ते परत येणार आहेत, सत्काराला. मी उठून 'शनिवारचा राहून गेलेला एक प्रश्न' म्हणून ती चिठ्ठी वाचू का? राहून गेला नव्हता, मी ठेवला होता, हेही म्हणू का? म्हटलं तर आमच्या इथे त्याला नाटकीपणा म्हणतील, आणि खरं सांगतो, थोडा असेलही. मला टाळ्या आवडतात हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? शिवाय ती त्या दिवशी आलीच नाही तर? मी कुणाला वाचून दाखवणार, स्कूटरवाल्याला? तू कळव. पत्र पोचेपर्यंत परवा उलटून गेलेला असेल, म्हणजे या एका वेळी फोन कर. मी पुरं बोलू देईन.

गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन करून घे, घाबरू नको, नानांचं झालं आणि ते आता उलट जास्त हिंडतात. मनूच्या लग्नाला येतो, नक्की. वहिनींचं लोणचं पोचलं, संपलं, बरणी मी आणून देईन.

सुमनने तो सदरा धुवायला टाकला होता, चिठ्ठी खिशात होती. बादलीतून काढली. जेल पेन असून फक्त एक आकडा फुटलाय, १८८५ मधला शेवटचा पाच.

तुझा,
दिल्या

ता. क. करंडकाचं झाकण माझ्याकडे आहे. १९८३ पासून. प्राचार्यांनी तुला दोन तास उभं केलं होतं तेव्हाही माझ्याच ट्रंकेत होतं. लग्नाला येताना घेऊन येतो.