ट्रेलर ३० तास बंद असूनही कळवले नाही, त्याबाबत तक्रार

दि. २४ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
सौर कॅमेरा ट्रेलर भाडे विभाग, पुणे

विषय : वनकुसवडे पठारावरील साइटवर आपला ट्रेलर बंद पडून झालेली चोरी

महोदय,

पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या केबल बदलण्याचे काम माझ्याकडे आहे. जवळ वस्ती नाही, यार्डात विजेची जोडणी नाही. म्हणून २ जूनपासून आपला सौर कॅमेरा ट्रेलर भाड्याने घेतला. तीन महिन्यांचे भाडे आणि अनामत आगाऊ भरली. सूर्य दिसला नाही तरी बॅटरी पाच दिवस चालेल आणि आपल्या नियंत्रण कक्षातून चोवीस तास लक्ष राहील, असे आपल्या प्रतिनिधींनी साइटवर उभे राहून सांगितले होते. करारातही तसेच लिहिले आहे.

१२ जुलैपासून पठारावर धुके उतरले ते हललेच नाही. १५ तारखेला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी ट्रेलरवरून शेवटचे चित्र आले. १६ तारखेला सकाळी साडेनऊला माझी माणसे यार्डात पोहोचली, तेव्हा तारेचे कुंपण कापलेले, दोन ड्रमवरची तांब्याची केबल गेलेली, आणि ड्रमची लाकडी चाके चिखलात आडवी पडलेली. ट्रेलर जागच्या जागी उभा होता. खांब वर, कॅमेरे वर, आतला एकही दिवा पेटत नव्हता. म्हणजे ३० तासांहून अधिक काळ तो बंद होता आणि आपल्या कक्षातून मला एक फोन आला नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

धुक्याला मी आपल्याला दोष देत नाही. जुलैत इथे ऊन नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्यालाही असायला हवे होते. पण पेटी उघडून पाहिली तर १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या. दोन्ही मिळून साधारण ४.८ युनिट, आणि अशा बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असते, नाहीतर ती लवकर मरते. कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर मिळून सुमारे ७० वॅट खातात, म्हणजे दिवसाला पावणेदोन युनिटच्या आसपास. हिशेब दीड दिवसाचाही होत नाही. पाच दिवस कुठून आणले? पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ होती, ती पुसायलाही दीड महिन्यात आपला कोणी आला नाही.

त्याआधीही वाऱ्याने गवत हलले की रात्रीत शंभर-शंभर इशारे मोबाइलवर यायचे. हे जूनमध्ये दोनदा कळवले. उत्तर आले, संवेदनशीलता कमी करू. केली की नाही, कळले नाही.

या ट्रेलरच्या भरवशावर मी रात्रीचा राखणदार कमी केला. खालच्या वाडीतला माणूस, अकरा वर्षे माझ्याकडे होता. धुक्यात कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड उलटून सगळे पांढरेफटक दिसते. तो मात्र गाडीच्या आवाजावरून सांगायचा की कोण वर चढतेय. त्याला मी परत बोलावले आहे. त्याच्यासमोर मान वर करून बोलता आले नाही.

पोलीस ठाण्यात फिर्याद दिली आहे. १४ तारखेच्या संध्याकाळी यार्डाबाहेर एक पिकअप दोनदा थांबलेला दिसतो. ते चित्रण आपल्या सर्व्हरवर आहे आणि आपल्याच नियमाप्रमाणे ३० दिवसांनी पुसले जाते. ते ताबडतोब जपून ठेवावे आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह तपास अधिकाऱ्यांना द्यावे. १३ ऑगस्टनंतर दिलेले उत्तर कामाचे नाही.

सोबत १२ ते १६ जुलैच्या बॅटरी व्होल्टेजची आणि जोडणी तुटल्याची नोंद मला हवी. त्या रात्री कक्षात पडद्यावर काय दिसत होते आणि ते कोणी पाहिले, तेही लेखी कळवा. बंद काळाचे भाडे परत द्यावे, आणि गेलेल्या केबलच्या भरपाईबद्दल करारातल्या कलमाप्रमाणे बैठक लावावी. केबलची बिले जोडली आहेत.

पावसाळ्याला पुरतील अशा बॅटऱ्या बसवून, ट्रेलर बंद पडल्यापासून १५ मिनिटांत फोन करण्याची लेखी हमी देणार असाल तर ठेवतो. नसाल तर ३१ जुलैपर्यंत ट्रेलर घेऊन जा आणि दंड न लावता अनामत परत करा. वरचा रस्ता निसरडा आहे, ओढणारी गाडी फोर-बाय-फोर पाठवा.

आपला,
वीज कामांचा कंत्राटदार,
पाटण, जि. सातारा