दोष, आळ आणि ठपका : मित्रास पत्र

डिचोली, गोवा
भाद्रपद शुद्ध तृतीया

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

बांध फुटल्याच्या अहवालाचा तुझा मसुदा मिळाला. बांधातल्या मानशीची, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याच्या दाराची, पावणी (तिथे मासळी धरण्याचा लिलावातला हक्क) ज्याने घेतली, त्याला दोषी म्हणावे, जबाबदार म्हणावे की त्याच्यावर नुसता ठपका ठेवावा, असे तू विचारले आहेस. हे सारे शब्द एकाच माळेचे मणी आहेत, कोणताही घातला तरी चालेल, असे तुमच्या समितीतल्या एका सभासदाचे मत पडले म्हणे. मला ते पटत नाही. आणि शेतकऱ्यांच्या कूळ संघटनेच्या सभेत हा कागद मोठ्याने वाचला जाणार असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दोष हा मुळात ज्याचा त्याच्या ठिकाणी असतो. तो कुणी बोलून दाखवला नाही तरी असतोच. आयुर्वेद वात, पित्त आणि कफ यांना दोष म्हणतो, त्यात कुणाची निंदा नसते. दृष्टीत दोष असतो, कवितेच्या वृत्तात असतो, तसा मानशीच्या दारातही असू शकतो. भरतीचे पाणी बाहेरून रेटून ते दार लावून घेते आणि ओहोटीला आतले पाणी ते ढकलून उघडते. फळ्या चौकटीला घट्ट बसत असतील तोवर माणसाने तिथे हात लावण्याचीही गरज नसते. खालची फळी कुजली की खारे पाणी आत शेतात झिरपू लागते. बांधाला कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पाडलेली बिळे वेळेवर बुजवली नाहीत, की तिथूनही तेच होते. या गोष्टी अहवालात दोष म्हणून निःशंकपणे लिही, कारण त्या डोळ्यांनी दिसतात आणि हाताने दाखवता येतात.

आळ मात्र बाहेरून येतो. तो यायला पुरावा लागत नाही, संशयाला पुरेशी जागा असली म्हणजे झाले. उद्या चवथ, चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो म्हणून घरोघरी पोरांना बजावले जाईल, पण ज्या स्यमंतक मण्याच्या कथेमुळे हे बजावतात, ती कथा पुरती सांगणारे थोडेच. कृष्णाने तो मणी राजासाठी मागितला होता आणि सत्राजिताने तो दिला नव्हता, एवढे सर्वांना ठाऊक होते. पुढे सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतला नाही, तेव्हा कुजबूज सुरू व्हायला तेवढे पुरले. भागवतातला कृष्ण यावर काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो रागावत नाही, शपथा घेत नाही; द्वारकेतली माणसे बरोबर घेऊन प्रसेनाच्या मागावर निघतो. वाटेत प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेले सापडतात, पुढे त्यांना मारणारा सिंह मेलेला सापडतो, आणि त्याही पुढे जांबवंताची गुहा लागते, तिथे मणी मिळतो. मणी परत देतानाही तो सत्राजिताला राजसभेत बोलावून, सर्वांसमक्ष, तो कसा सापडला ते सांगून देतो. मला तर ही आपल्याकडची सर्वांत जुनी चौकशी वाटते, साक्षीदारांसह! पावणीदाराने मासळीच्या लोभाने रात्री दार उघडे ठेवले, असे गावात बोलतात. ते उघडे पाहणारा जोवर कुणी समोर येत नाही, तोवर तो आळच आहे, आणि अहवालात त्याला जागा नाही.

आरोप त्याहून एक पायरी वर. आरोप करणाऱ्याला आपले नाव द्यावे लागते आणि काय, कधी, कुठे हे सांगावे लागते. न्यायालयात दोषारोप ठेवला गेला तरी माणूस निकालापर्यंत आरोपीच राहतो. दोषी ठरवण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा. तुमच्या समितीला तो नाही, म्हणून ‘दोषी’ हा शब्द तू खोडलाच पाहिजेस. शिवाय भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असून तिच्या ३५६व्या कलमात बदनामी हा गुन्हा आहे, हेही समितीच्या कानावर घाल.

ठपक्याचे तर तू मला शिकवावेस, इतकी वर्षे सरकारी खात्यात काढलीस! १९६५च्या वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत पहिला येतो तो ठपकाच. तो ठेवणारा वरिष्ठ लागतो आणि ज्याच्यावर ठेवायचा त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते. पावणीदार तुमचा नोकर नाही. तुमचा त्याचा संबंध कराराचा.

म्हणून तुझ्या तीन शब्दांपैकी ‘जबाबदार’ हा एकच उरतो, तोही कराराच्या अटीपुरता. दाराची देखभाल त्याच्याकडे होती असे कागदावर असेल, तर त्या अटीचा क्रमांक देऊन तसे लिही. बिळे बुजवण्याचे काम मात्र संघटनेचे होते आणि त्याचा उल्लेख मसुद्यात कुठेच नाही, हे मला खटकले. फुटलेल्या बांधाचे सगळे खापर एकाच्या डोक्यावर फोडणे सोयीचे असते, विशेषतः तो परगावचा असला म्हणजे.

दुसऱ्या पानावरचे ‘बेजबाबदार’ आणि ‘लोभी’ हे शब्द काढून टाक. पावणीदाराला सभेच्या आधी लेखी विचार आणि त्याचे उत्तर अहवालाला जोड. त्याने उत्तर दिले नाही, तर दिले नाही एवढेच लिही. सुधारलेला मसुदा पाठवलास तर सभेच्या आधी वाचून परत करीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र