तो तीन मिनिटांचा तुकडा

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा अपघाताचं सांगायला तुझा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "सिग्नल तू तोडला नव्हतास ना?" तू फोन ठेवलास, योग्यच केलंस. आईने नंतर मला भरपूर सुनावलं. आधी मानेचं विचारायला हवं होतं. मान कशी आहे?

तुझ्या गाडीतल्या कॅमेऱ्याचा, दादाने पाठवलेला तो तीन मिनिटांचा व्हिडिओ मी वीसेक वेळा तरी पाहिला असेल. तुझा दिवा हिरवा, आडव्या रस्त्यावरून ती पांढरी गाडी घुसते, चित्र हादरतं आणि तुझा आवाज येतो, "आई गं!" तिथेच मी बंद करतो. "ही सुसाट आली" असं तो गृहस्थ सगळ्यांना सांगत होता म्हणे. कॅमेरा दिसल्यावर गप्प झाला.

आता ऐक. मूळ फाइल अजून कार्डावरच असेल, तर आजच कॉपी करून दोन ठिकाणी ठेव. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्यावरच नवं चित्रण करत जातो. धक्का जोराचा असेल तर तो तेवढा तुकडा आपोआप राखून ठेवतो, पण हलक्या धक्क्याला तेही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत पुरावा म्हणून देऊ नकोस, ती दाबून लहान केलेली असते. काटछाटही करू नकोस. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर विम्याच्या माणसाला ते आपणहून सांग, नंतर त्याच्याच तोंडून निघायला नको. आणखी एक, कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, त्यामुळे समोरची गाडी असते त्याहून लांब दिसते. "ब्रेक मारायला वेळ होता की" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेव. आणि कुठेही पोस्ट करू नकोस, तुझा संताप मला माहीत आहे.

झालं माझं भाषण सुरू, माफ कर. पण मानेचा धक्का कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखायला लागतो, तेव्हा "काही नाही झालं" यावर जाऊ नकोस.

आपली निळी गाडी आठवते? आपण थांबलेलो होतो आणि मागून ठोकलं. ज्यांनी काही पाहिलंच नव्हतं असे दोघं पुढे आले, म्हणाले, "यांनीच गाडी मागे घेतली." तासभर वाद घातला, मग थकून मी 'चूक माझी' अशा कागदावर सही केली. मागच्या सीटवरून तू सारखं म्हणत होतीस, "बाबा, आपण तर थांबलो होतो ना?" पाच वर्षांची होतीस. खरं पाहणारी तू एकटीच, पण तुला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

तेव्हा हे यंत्र असतं तर, असं परवापासून मनात येतंय. तसा तुझा कॅमेरा फक्त पुढचं पाहतो. निळ्या गाडीला त्याचा काय उपयोग? मागचाही बसवून घे. चूक आपली असेल तर तीही त्यात येणार, ते मात्र धरून चाल. तुझी नव्हती. हे मला व्हिडिओ पाहण्याआधीच म्हणता यायला हवं होतं.

किती नेटाने उभी होतीस तिथे, दादा सांगत होता. आवाज चढवला नाहीस म्हणे. हे माझ्याकडून आलेलं नाही.

कॉपी झाली की कळव. आणि डॉक्टर मानेबद्दल काय म्हणाले, तेही.

तुझे
बाबा