वॉटसन यांची ‘हकालपट्टी’: लेखात न आलेली बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पॉल वॉटसन आणि देवमाशांची शिकार समुद्रावर जाऊन रोखणारी त्यांनी उभारलेली ‘सी शेफर्ड’ ही संस्था यांच्यावरचा लेख वाचला. देवमाशांसाठी सारी हयात समुद्रावर घालवलेल्या माणसावर मराठीत कोणी इतक्या आस्थेने लिहिले, याचे समाधान वाटले. पण लेखाचा सगळा सूर ‘ज्यांना लहानाचे मोठे केले तेच उलटले’ असा आहे आणि ‘विश्वासघात’ हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतो. माझी हरकत त्या शब्दाला आहे. कोकणातल्या एका लहानशा कासव संवर्धन संस्थेचा मी पंधरा वर्षे चिटणीस होतो आणि आमच्या संस्थापकांना दूर करणाऱ्या ठरावावर माझी सही आहे. त्यामुळे पत्र थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी एक दुरुस्ती. वॉटसन यांना ‘सी शेफर्डने काढून टाकले’ हे अर्धेच खरे आहे. सी शेफर्ड आता एक संस्था राहिलेली नाही. अमेरिकेतली मूळ संस्था वेगळी, अ‍ॅमस्टरडॅमहून कारभार चालवणारी ‘सी शेफर्ड ग्लोबल’ वेगळी आणि फ्रान्स, ब्राझील अशा देशांतल्या संस्था आणखी वेगळ्या. अमेरिकेतल्या संस्थेचा वॉटसन यांनी जुलै २०२२ मध्ये स्वतः राजीनामा दिला. आपल्याला नावापुरते ठेवले आहे, निर्णयात आपले काही चालत नाही, ही त्यांची तक्रार होती. ग्लोबलच्या संचालक मंडळातून मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात सहकाऱ्यांनी त्यांना दूर केले. फ्रान्सची संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. वॉटसन यांनी स्वतःच्या नावाचे नवे प्रतिष्ठान काढले. भावकीत वाटणी व्हावी तसे हे झाले, आणि वाटणीचे कारण समजून घ्यायचे तर २०२२ च्या बरेच मागे जावे लागते.

लेखात १९७७ चा प्रसंग एका वाक्यात उरकला आहे. माझ्या मते सगळ्याचे मूळ तिथेच आहे. १९७५ मध्ये वॉटसन ‘ग्रीनपीस’ या पर्यावरण संघटनेच्या रबरी होडीतून सोव्हिएत शिकारी बोटी आणि देवमासे यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले होते. मरणाऱ्या एका स्पर्म व्हेलची नजर तेव्हा आपल्या नजरेला भिडली आणि त्या क्षणापासून आपण त्यांचे झालो, असे ते आजवर सांगत आले आहेत. दोन वर्षांनी कॅनडाच्या किनाऱ्यावर सीलची शिकार रोखताना त्यांनी एका शिकाऱ्याचा सोटा आणि कातडी हिसकावून पाण्यात फेकली. ग्रीनपीसच्या मंडळाला हे अहिंसेच्या तत्त्वात बसणारे वाटले नाही. मतदान झाले, अकरा विरुद्ध एक. विरोधातले ते एक मत वॉटसन यांचे स्वतःचे होते. त्याच वर्षी त्यांनी पुढे सी शेफर्ड म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेची सुरुवात केली.

म्हणजे ज्या प्रश्नावर एका संस्थेने त्यांना बाहेर काढले, त्याच प्रश्नाच्या त्यांनी दिलेल्या उत्तरावर दुसरी संस्था उभी राहिली. माणसाला इजा करायची नाही, पण शिकारीचे साधन मोडायचे, हे ते उत्तर. जुलै १९७९ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ ‘सिएरा’ या चोरट्या शिकारी जहाजावर त्यांनी आपले जहाज नेऊन आदळले. त्यासाठी जहाजाच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, आधीच काँक्रीट भरून घेतले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांच्या दोन कार्यकर्त्यांनी रेक्याविक बंदरात आइसलंडची दोन शिकारी जहाजे बुडवली. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी तोवर लागू झाली होती. ती मोडणाऱ्याला सरकारे हात लावत नसतील तर आम्ही लावू, असे म्हणणारी ही माणसे होती. मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि आजही आहे.

मग बिघडले कुठे? लेखकाने मत्सर, सत्ता, पैसा अशी कारणे दिली आहेत. मला त्याहून साधे कारण दिसते. संस्था मोठी झाली आणि कायद्याच्या हातात सापडली. मे २०१२ मध्ये कोस्टारिकाच्या एका जुन्या वॉरंटवरून वॉटसन यांना फ्रँकफर्टला अटक झाली. जपानकडे आपल्याला सोपवतील या भीतीने जुलैमध्ये ते जामीन मोडून निघाले आणि पुढचे पंधरा महिने जमिनीला पाय न लावता समुद्रावर राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने आदेश दिला की संस्थेने आणि वॉटसन यांनी जपानी शिकारी जहाजांच्या पाचशे यार्डांच्या आत जायचे नाही. आदेश पाळायचा म्हणून जानेवारी २०१३ मध्ये वॉटसन यांनी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली पदे सोडली. अंटार्क्टिकच्या समुद्रात जपानी शिकारी जहाजे अडवण्याची संस्थेची मोहीम ऑस्ट्रेलियाचे माजी सिनेटर बॉब ब्राउन यांच्याकडे गेली. तरीही न्यायालयाच्या अवमानाचे प्रकरण झाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संस्थेला साडेपंचवीस लाख डॉलर शिकारी कंपनीच्या बाजूला द्यावे लागले. देवमासे वाचवायला लोकांनी दिलेली देणगी देवमासे मारणाऱ्यांच्या खिशात गेली! तेव्हा त्या संस्थेच्या सभेत मी विश्वस्त म्हणून बसलो असतो तर काय मत दिले असते, याचा मी बराच विचार केला आहे. बहुधा मीही ‘आता जपून’ असेच म्हटले असते.

संस्थापकाविना चालायला ही संस्था कुणाच्या कारस्थानामुळे शिकली नाही. संस्थापक पंधरा महिने दर्यावर होता, म्हणून तिला ते शिकावे लागले. आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी त्यानंतर जे केले, त्याचा लेखात उल्लेखही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पीटर हॅमरस्टेट यांच्या ‘बॉब बार्कर’ या जहाजाने ‘थंडर’ हे बेकायदा मासेमारी करणारे जहाज अंटार्क्टिकच्या पाण्यात गाठले आणि एकशे दहा दिवस त्याची पाठ सोडली नाही. एप्रिल २०१५ मध्ये साओ टोमेजवळ थंडर बुडाले. त्यावरच्या सगळ्या खलाशांना सी शेफर्डच्याच लोकांनी वाचवले आणि थंडरच्या कप्तानावर पुढे खटला चालून शिक्षा झाली. या मोहिमेत कुणी कुणाला धडक दिली नाही. २०१६ पासून ग्लोबलची जहाजे गॅबॉन, लायबेरिया अशा देशांच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन गस्त घालतात. जहाज संस्थेचे, अटकेचा अधिकार सरकारचा. मेक्सिकोत जेमतेम दहाच्या आसपास उरलेल्या वाकिटा या छोट्या जलचरासाठी अमेरिकेतली संस्था तिथल्या नौदलाबरोबर काम करते; तिथे जाळी अडकावीत म्हणून नौदलाने समुद्रतळाशी आकडे लावलेले काँक्रीटचे ठोकळे सोडले आहेत.

आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला हा पेच नवा नाही. पर्ससीनची मोठी जाळी आणि मासे ओढणारे एलईडी दिवे घेतलेल्या बोटी आपल्याच पाण्यात येऊन मासळी ओढून नेतात, गस्ती नौका वेळेवर येत नाही, तेव्हा स्वतः होड्या घालून त्यांना अडवायचे की परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करून वाट बघायची, यावर मालवणपासून हर्णैपर्यंत किती बैठका झाल्या असतील. दोन्ही बाजूंना बसलेली माणसे एकाच समुद्रावर पोट भरणारी असतात. त्यांच्यातल्या कुणाला मी घातकी म्हणणार नाही.

वॉटसन यांची बाजूही मला कमी लेखायची नाही. सरकारबरोबर काम करणाऱ्या संस्थेला त्या सरकारच्या चुकीबद्दल तोंड उघडणे अवघड होते, आणि त्यांचे जहाज हे कुठल्याही सरकारचे मिंधे नसलेले जहाज होते. जपान २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातून बाहेर पडला आणि त्याने उघड व्यापारी शिकार सुरू केली. २०२४ मध्ये ‘कांगेई मारू’ हे मारलेले देवमासे जहाजावरच कापणारे नवे कारखाना-जहाज कामाला लावले. ते अडवायला कोण निघाले? त्र्याहत्तर वर्षांचे वॉटसन. २१ जुलै २०२४ रोजी ग्रीनलंडमधल्या नूक बंदरात इंधन भरायला जहाज थांबले असता त्यांना अटक झाली. एकशे एकोणपन्नास दिवस कोठडीत काढल्यावर १७ डिसेंबरला डेन्मार्कने त्यांना जपानच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि ते सुटले. एवढ्या वयात एवढे सोसणाऱ्याला ‘नावापुरते’ राहणे कसे जमावे?

पण एक गोष्ट लेखकाने वाचकांना सांगायला हवी होती. जपानी ताफ्याचा माग काढायला आता लष्करी उपग्रहांची मदत घेतली जाते, त्यापुढे आमच्या जहाजांचा निभाव लागणार नाही, म्हणून या हंगामात अंटार्क्टिकला जायचे नाही, ही घोषणा २०१७ मध्ये खुद्द वॉटसन यांनी केली होती. बदल सगळ्यांना दिसत होता, त्यांनाही दिसत होता. पुढे काय करायचे, यावर मात्र एकमत झाले नाही. हा मतभेद आहे, आणि मोठा, सच्चा मतभेद आहे. त्याला विश्वासघात म्हटले की तो समजून घेण्याची गरजच उरत नाही.

हे मी इतके ठासून का लिहितो, ते आता सांगतो. आमचे संस्थापक शाळेत शिक्षक होते, गाव त्यांना गुरुजी म्हणे. कासवाची अंडी गावात सर्रास खाल्ली जात त्या काळात त्यांनी एकट्याने घरटी राखायला सुरुवात केली. नोव्हेंबर ते मार्च पहाटे चारला कंदील घेऊन पुळणीवर फिरत, पावलांचा माग काढत, शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून टोपलीत ठेवत आणि कुंपणातल्या खड्ड्यात पुन्हा तशीच मांडत. आम्ही सगळे त्यांच्यामागून आलो. पुढे वनखात्याची मदत आली, कासवमित्रांना मानधन मिळू लागले, पिल्ले बघायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली, गावात घरगुती खानावळी चालू लागल्या. गुरुजींना गर्दी खपेना. पिल्लू उजेडाकडे वळते, समुद्राचा रस्ता चुकते, हे ते प्रत्येकाला हात जोडून सांगत. एका रात्री किनाऱ्यालगतच्या एका निवासाने पुळणीच्या बाजूला लावलेल्या दिव्यांची वायर त्यांनी उपसून टाकली. तक्रार झाली. मदत बंद होईल, अशी कुजबुज सुरू झाली.

आम्ही सात जणांनी सभा घेतली. घटनेप्रमाणे सात दिवसांची नोटीस हवी होती, त्यांना दोन दिवस आधी चिठ्ठी गेली. ते आले नाहीत. ठराव अर्ध्या तासात झाला. इतिवृत्त मी लिहिले आणि त्यात शब्द घातले: ‘प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपदावरून मुक्त करण्यात येत आहे.’ त्यांची प्रकृती आमच्या सगळ्यांहून ठणठणीत होती. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, गेला तोही त्याच कारणाने. गावात विचारणाऱ्यांना आम्ही तेच सांगितले. त्यांचा फोटो मात्र अजून संस्थेच्या पत्रकावर आहे आणि देणगी मागताना आम्ही तोच दाखवतो.

त्यांना दूर करणे चूक होते की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. मानधनावर आठ घरे चालतात आणि घरटी वाढली आहेत. पण दिव्यांबद्दल गुरुजी म्हणत होते ते शंभर टक्के खरे होते. आमचे त्यांच्याशी पटले नाही ते पद्धतीवरून, आणि तेवढे तरी कागदावर सरळ लिहायला हवे होते. आम्ही ते लिहिले नाही. म्हणून त्या प्रश्नावर संस्थेत पुन्हा कधी चर्चाच झाली नाही. दिवे अजून तिथेच आहेत. वॉटसन आणि त्यांचे जुने सोबती निदान एकमेकांविरुद्ध उघडपणे बोलले. देणगीदाराला दोन्ही बाजू ऐकून कुणाच्या पेटीत पैसे टाकायचे ते ठरवता आले. आमच्या देणगीदारांना तीही संधी मिळाली नाही.

म्हणून विनंती, की सी शेफर्ड ग्लोबलच्या बाजूनेही एक लेख आपण छापावा. थंडरच्या पाठलागावर मराठीत सविस्तर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. त्या जुन्या इतिवृत्तातले कारण दुरुस्त करावे, असा ठराव मी लेखी पाठवला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

आपला,
एक वाचक
जि. रत्नागिरी